पिवळ्या इंजिनाचं सासर

मेपल फोर्ड, विस्कॉन्सिन
१२ सप्टेंबर १९५५

दाजी,

अभिनंदन! तुमच्या प्लॅट रिव्हर रेल्वेने आमच्या गरीब लेक प्रेअरी रेल्वेला अखेर पदरात घेतलं. पुढच्या महिन्यापासून तुमची लाडकी ‘सिल्व्हर प्रेअरी’ शिकागोपासून ओमाहापर्यंत आमच्या रुळांवरून धावणार आणि ओमाहापासून समुद्रापर्यंत तुमच्या. आधीची कंपनी गाडी रोज उशिरा आणायची म्हणून तिला तुम्ही हाकललंत आणि आम्हाला बोलावलंत. उपकार आहेत.

ओमाहाला इंजीन बदलायचं नाही, आमचं इंजीन तुमच्याकडे येणार, तुमचं आमच्याकडे, तेही समजलं. शेजार म्हटला की साखर-कॉफीची देवाणघेवाण चालतेच. पण परवा साहेबांनी पेंट शॉपमध्ये येऊन माझ्या हातात हुकूम ठेवला. आमची इंजिनं तुमच्या पिवळ्या रंगात रंगवायची! का, तर सगळी गाडी एकसारखी दिसली पाहिजे. मग तुम्ही का नाही आमचा नारिंगी घेतलात? तर म्हणे, पिवळे डबे तुमचे जास्त आहेत. वा! ज्याचे डबे जास्त त्याची अक्कल जास्त.

दाजी, तो रंग पाहिलाय का तुम्ही कधी शुद्धीवर असताना? सॉसेजवर थापायच्या मोहरीचा रंग तो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच. आमचा नारिंगी तुम्ही विसरला नसाल. ताईला लग्न करून ओमाहाला नेलंत ते त्याच नारिंगी इंजिनाच्या गाडीने, आणि खिडकीत बसून तुम्हीच म्हणाला होतात की सूर्यास्त ओढत नेतोय असं वाटतं. तेव्हा तुम्हाला काव्य सुचायचं. आता फक्त पित्त होतं असं ताई लिहिते.

इंजिनांवर कंपनीचं नाव हाताने लिहिणारे आमचे क्लेमेंटबाबा हुकूम ऐकून दिवसभर एकच ब्रश धूत बसले. शॉपमधली बाकीची पोरं हसली. मी तुमच्या नावाने दोन शिव्या दिल्या, मगच कामाला लागलो. त्या शिव्या ताईला वाचून दाखवू नका.

तुमचा (नाइलाजाने)
ओटाकर


ओमाहा, नेब्रास्का
९ ऑक्टोबर १९५५

चिरंजीव ओटाकर,

तुझं पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी साबणाने हात धुतले.

बाळा, रंगाचं दुःख मी समजू शकतो. गावातल्या पोराला शहरात नवा कोट शिवला की तो चार दिवस खाजवतच बसतो. पुढे सवय होते. ‘सिल्व्हर प्रेअरी’ तुमच्याकडून आमच्याकडे चक्क वेळेवर पोचली, तीही सलग आठवडाभर! आमच्या स्टेशनमास्तरने तर घड्याळच दुरुस्तीला टाकलं, त्याला वाटलं बिघडलं.

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. मोहरीच्या जागी आमचे हॅलोरनसाहेब खुर्चीवरून पडायचे राहिले. म्हणाले, "बोहुमिल, हा तुझा मेहुणा फार गमतीचा माणूस आहे. त्याला म्हणावं, लिहीत जा." तेव्हा लिहीत जा.

सहज विचारतो, तुमच्या पेंट शॉपमध्ये माणसं किती लावता एका इंजिनाला? वेळ किती लागतो? छप्पर अजून गळतं का? इथे मी पेंट शॉपचा मुख्य, आणि तिथे तू. दोन मुख्यांनी एकमेकांची खबर ठेवावी, एवढंच.

तुझी ताई म्हणते खसखस भरलेले कोलाचे, ते गोड पाव, तुझ्या बायकोसारखे, आग्नेससारखे, तिला जमत नाहीत. मी काही बोललो नाही. मला जगायचं आहे.

तुझा वडीलधारा
बोहुमिल क्राटिना


मेपल फोर्ड
१६ नोव्हेंबर १९५५

दाजी,

तुमच्या साहेबांना नमस्कार सांगा. ते हसतात हे ऐकून आनंद झाला, आमचे साहेब फक्त ढेकर देतात.

खबर हवी ना? घ्या. तुमचा पिवळा रंग रंगवायला माणसं लागतच नाहीत. नारिंगीला रंगाचे चार हात द्यायचे, मधे वाळवायचं, घासायचं, पट्टा ओढताना श्वास रोखायचा. तुमचा पिवळा? डबा उघडला की तो आपणहून इंजिनावर चढतो. माझी निम्मी माणसं कोपऱ्यात पत्ते खेळतात. बाकीची निम्मी त्यांना पानं सुचवतात. आमच्या कँटीनचा स्वयंपाकी सूप ढवळता ढवळता दुसऱ्या हाताने एक इंजीन रंगवून टाकेल. छप्पर गळतं, पण पिवळ्यावर पाणी पडलं तर तो सुधारतोच. पुरे झाली खबर?

आता माझी खबर ऐका, ही वेगळ्या कागदावर लिहितोय, मोठ्याने वाचू नका. दाजी, तुम्ही आमचं इंजीन चोरलंत!

गेल्या शनिवारी ‘सिल्व्हर प्रेअरी’ने आलेलं एक इंजीन तपासणीला आमच्या शेडमध्ये घेतलं. बाजूला लाल अक्षरांत ठळक लिहिलेलं, ‘प्लॅट रिव्हर’. मी म्हटलं, पाहुणे आले, पुसून-बिसून ठेवू. क्लेमेंटबाबा खाली वाकून चाकांमागची लोखंडी पट्टी पुसत होते. ती कारखान्यातच ठोकलेली असते, मालकाचं नाव कोरलेली. बाबांनी मला हाक मारली. पट्टीवर नाव आमचं! म्हणजे आम्ही सप्टेंबरात रंगवलेली आमचीच पोरगी. सासरी पाठवली, आणि माहेरपणाला आली ती आडनाव बदलून!

तुमच्याकडे तिची बाजू खरवडली असणार, तुमच्या लोकांनी सगळी नव्याने रंगवली असणार आणि सवयीने तुमचंच नाव घालून टाकलं असणार. सगळीच पिवळी, मग कुणाची कोण हे कळणार कसं? एकाच रंगाचं सुख हे असं असतं. आता हे उघड झालं तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. आमचं इंजीन तुमच्या नावावर फुकट राबलं म्हणून दोन्ही कंपन्यांचे वकील चार वर्षं जेवतील.

तर रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना मी आणि बाबा शेडमध्ये गेलो, तुमचं नाव उतरवलं आणि आमचं घातलं. आग्नेसला सांगितलं की पोटात दुखतंय. कुणाला काही कळलं नाही, आणि पाद्र्यांनी माझ्या पोटासाठी प्रार्थना केली. दाजी, तुमची लाज मी राखली आहे. याची परतफेड दर नाताळला व्हावी.

ओटाकर


ओमाहा
१८ डिसेंबर १९५५

ओटाकर,

सोबत स्मोक्ड हॅम पाठवतोय. परतफेड वगैरे नाही, तुमच्याकडची डुकरं हडकुळी असतात म्हणून.

त्या इंजिनाचं म्हणशील तर चूक माझीच. दोन नवी पोरं कामाला होती, त्यांनी नाव घातलं, मी खाली न वाकताच सही केली. कंबर दुखत होती. तुझी ताई म्हणते कंबर नव्हे, माज. असो. हॅलोरनसाहेबांना कळतं तर आज मी यार्डात बर्फ उपसत असतो. तू केलंस ते बरं केलंस. हे वाक्य मी एकदाच लिहीत आहे, जपून ठेव.

आणखी एक. पुढचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस. घरी पाठव. आणि शॉपबद्दल फार लिहू नकोस. तेच तेच वाचून कंटाळा येतो.

नाताळच्या जेवणातल्या माशाचा काटा घशात अडकवून घेऊ नका. सण आनंदात जावो.

बोहुमिल


मेपल फोर्ड
८ जानेवारी १९५६

दाजी,

हॅम पोचला, संपलाही. कंटाळा येतो म्हणालात ते वाचून मी समजलो. जळता तुम्ही! आमच्याकडे पत्ते खेळून काम होतं आणि तुमच्याकडे घाम गाळूनही काम उरतं. मी असतो तर मलाही कंटाळा आला असता.

हे पत्र मुद्दाम ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवतोय. हॅलोरनसाहेबांचं हसणं तुम्ही बुडवू नका. त्यांना सांगा, आता आमचे निम्मे पत्तेवालेही जास्त होताहेत, त्यांच्यातल्या काहींना मी बासरी शिकायला सांगणार आहे.

(चोरीच्या पोरीचं काही लिहीत नाही. एवढी अक्कल आम्हालाही आहे.)

ओटाकर


ओमाहा
२ फेब्रुवारी १९५६

ओटा,

हे पत्र मी लिहितेय, तुझी बहीण. तुझ्या दाजींना ठाऊक नाही. ठाऊक झालं तरी मला फिकीर नाही.

तू मूर्ख आहेस. ते तर आहेतच, पण त्यांच्याशी माझं लग्न झालंय, त्यांना रोज सांगता येतं. तुला पत्राने सांगावं लागतं.

दोन्ही कंपन्यांची मिळून एक समिती बसली आहे. सगळी इंजिनं पिवळीच, तर दोन पेंट शॉप कशाला, असा तिचा प्रश्न. एक ठेवायचं, एक बंद करायचं. ऑक्टोबरपासून हे चाललंय. तुला माणसं किती, वेळ किती, छप्पर गळतं का, हे तुझ्या दाजींनी सहज नव्हतं विचारलं. हॅलोरनने विचारायला लावलं होतं. आणि तू काय लिहिलंस? पत्ते! स्वयंपाकी! बासरी! ती तुझी पत्रं हॅलोरनने टाइप करून घेतली आहेत, ओटा. ‘मेपल फोर्डच्या मुख्याच्या स्वतःच्या म्हणण्यानुसार’ असं वर लिहून. त्यातला इंजिनाचा कागद तेवढा यांनी वेळीच खिशात घातला.

मग समितीने यांचं मत मागितलं. हे बोलून आले की दोघांचं काम ओमाहा एकटं करू शकेल. का बोललात, विचारलं तर म्हणतात, "नाहीतर आपलं बंद झालं असतं, व्लास्ता." खरंही असेल. पण त्या दिवसापासून हे जेवायला बसले की सूपमध्ये चमचा नुसता फिरवतात. मी गरम करून देत नाही. गार सूप प्यायची सवय व्हावी.

माझ्या माहेरच्या गावात त्या शॉपशिवाय आहे काय? एक चर्च आणि दोन दारूची दुकानं. शॉप गेलं तर चर्चही चालणार नाही.

तुम्हा दोघांच्या जिभांना हाड नाही. एक फुशारक्या मारतो, दुसरा त्या विकून खातो.

ताई


मेपल फोर्ड
१५ फेब्रुवारी १९५६

श्री. बोहुमिल क्राटिना यांस,

आज साहेबांनी आम्हाला कळवलं. एक मेपासून मेपल फोर्डचं पेंट शॉप बंद. एप्रिलमध्ये समितीची शेवटची बैठक आहे, तिच्यात शिक्कामोर्तब होईल.

पिवळ्या रंगाबद्दल मी तुम्हाला जे लिहिलं ते खोटं होतं. तो नारिंगीपेक्षा कठीण आहे. धुळीचा एक कण त्यावर लपत नाही. पहिलं इंजीन आम्ही तीनदा खरवडून पुन्हा रंगवलं आणि माणसं रडकुंडीला आली. तुम्ही हसाल म्हणून मी ते लिहिलं नाही.

आमच्या लोकांना त्या इंजिनाचं आता कळलं आहे. क्लेमेंटबाबांनी सांगितलं. सगळे म्हणतात, समितीला कळवा की ओमाहाच्या शॉपला दुसऱ्याचं इंजीनही ओळखता येत नाही, त्यांच्या हाती सगळं कसं देता? बाबा साक्ष द्यायला तयार आहेत. मी कळवलं तर आमचं शॉप बहुधा वाचेल.

मी कळवणार नाही. तुमची नोकरी गेली तर माझी बहीण रस्त्यावर येईल, एवढंच कारण आहे. मी हे लोकांना सांगितलं तेव्हा कुणी मला शिवी दिली नाही, त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं.

मला तुमचा फार राग आला आहे.

ओटाकर वोंद्रा


ओमाहा
११ एप्रिल १९५६

ओटाकर,

वीस वर्षांत तू मला बोका म्हणालास, मूळव्याध म्हणालास, एकदा तर माझ्या आईसमोर बीट म्हणालास. ‘श्री.’ कधी म्हणाला नव्हतास. ते पत्र मी दोन महिने कोटात घेऊन फिरलो. उलटं केलं, सुलटं केलं, कुठे तरी एखादा टोमणा असेल म्हणून शोधला. नव्हता.

काल बैठक झाली. टेबलाभोवती दोन्ही कंपन्यांचे साहेब, मधे सिगारची पेटी, आणि भिंतीला टेकून आम्ही कामाचे लोक. हॅलोरनसाहेबांनी तुझी पत्रं वाचली. बासरीपाशी सगळे हसले. हसताना मी त्या लोकांकडे पाहिलं, ओटाकर, आणि मला वाटलं की माझ्या मेहुण्याला हसायचा हक्क या जगात एकट्या मला आहे. या टकल्यांना कुणी दिला?

मग मला विचारलं, "क्राटिना, तुम्ही दोन्ही कंपन्यांची इंजिनं सांभाळाल ना?"

मी म्हणालो, "साहेब, एक तर आधीच सांभाळलंय. चोरून."

आणि सांगून टाकलं. पोरं, सही, कंबर, सगळं. शिवाय म्हणालो, त्या पत्त्यांवर जाऊ नका, तो माणूस टोमणे मारतो, आमच्या घरात कुणी सरळ बोलतच नाही. आणि आमच्या शॉपची लाज राखली ती मेपल फोर्डच्या लोकांनी.

हॅलोरनसाहेबांचं तोंड आमच्या इंजिनापेक्षा पिवळं पडलं. मला बाहेर बसवलं. मी तासभर बाकावर बसून तुझ्या ताईला काय सांगायचं ते जुळवत होतो. आत बोलावलं तेव्हा मोठ्या साहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. मला वाटलं, चला, तुमचं शॉप वाचलं! आता निर्णय ऐक, बसून ऐक.

मेपल फोर्ड बंद, कारण तिथल्या मुख्यानेच लिहून दिलंय की काम काहीच नाही. ओमाहा बंद, कारण तिथल्या मुख्याला काम येत नाही. दोन्ही एक मेपासून. सगळी इंजिनं जिथे बनली त्या कारखान्यात रंगवायला पाठवायची. ठराव एकमताने झाला. दोन कंपन्यांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, ते आपल्यामुळे!

मला आजपासूनच डब्यांच्या कुलपांच्या खात्यात टाकलंय. आता दिवसभर किल्ल्या मोजायच्या. माझ्या शॉपमधल्या लोकांना वाऱ्यावर सोडलंय, आणि ते माझ्याकडे पाहतात तसं कुणी पाहू नये. तुझं शॉप मी वाचवायला गेलो आणि दोन्ही बुडवली. मला वाईट वाटतंय. हे टोमण्यात कसं बसवायचं ते मला सुचत नाही, म्हणून तसंच लिहितो.

तुझ्या ताईने काल सूप गरम करून दिलं.

बोहुमिल


मेपल फोर्ड
१ मे १९५६

अहो मूळव्याध,

तुमचं पत्र मी शॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही माझी वाचता, मी तुमची वाचतो, हिशेब मिटला. ‘चोरून’ पाशी पोरांनी डबे बडवले. क्लेमेंटबाबा म्हणाले, "हा माणूस मूर्ख आहे, पण आपला आहे." मी म्हणालो, "बाबा, अर्धंच बरोबर आहे, पण कुठलं अर्धं ते सांगणार नाही." मग आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि तुमच्या नावाने प्यायलो. कुणी रडलं नाही असं मी आग्नेसला सांगितलंय.

शॉप गेलं, दाजी. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण ते माझ्या बहिणीच्या नवऱ्याने विकलं नाही, एवढं लोकांना तोंड वर करून सांगता येतं. निम्म्या लोकांना शेतकऱ्यांची कोठारं रंगवायचं काम मिळालंय. तुमच्या लोकांपैकी कुणाला यायचं असेल तर पाठवा. कोठारावर कंपनीचं नाव नसतं, तेव्हा तुमची पोरंही चालतील.

आता कामाचं. शेवटच्या आठवड्यात एक इंजीन आलं. आमचंच, पट्टी बघून घेतली. रंग पार उडालेला, हुकूम नेहमीचा, पिवळ्याचा. मी भांडारात माणूस पाठवला. भांडारवाला म्हणाला, शॉप बंद होतंय ना, मग पिवळा रंग यायचा थांबलाय, वरून हुकूम आहे. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "जे असेल ते लावा आणि एक तारखेला गाडीला जोडा, मला विचारू नका." नाही विचारलं.

जे होतं ते नारिंगी. गेल्या वर्षी फेकून द्यायला सांगितलेले डबे आम्ही मागच्या खोलीत विसरलो होतो. आम्ही विसराळू माणसं. चार हात दिले, दाजी. मधे वाळवलं, घासलं. खालचा तांबडा पट्टा मी स्वतः ओढला, श्वास रोखून. नाव बाबांनी लिहिलं आणि ब्रश धुऊन घरी नेला. आज दुपारी तिला ‘सिल्व्हर प्रेअरी’च्या पुढे जोडली. मागे सगळी गाडी पिवळी, पुढे ती. सारं गाव रुळांच्या कडेला उभं होतं, आणि पाद्र्यांनी टोपी काढली.

आज ती शिकागोला गेली, तिथून परत फिरून शुक्रवारी सकाळी ओमाहाला पोचेल. ताईला घेऊन फलाटावर जा, चांगला कोट घाला. हॅलोरनसाहेब येतील, लाल होतील आणि ओरडतील की हिला ताबडतोब पिवळी करा. कारखान्यात तिचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागतो, मी चौकशी केली आहे. तुम्ही चिडू नका, उलट बोलू नका. अदबीने जवळ जा आणि फक्त एवढंच विचारा,

"करतो, साहेब. कुठे?"

तुमचा
ओटाकर